शब्दाला चित्राचा दाखला कशाला?

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला. मी वडिलांवर लिहिले. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. दिवसभर रुळावर राबून आल्यावर संध्याकाळी ते वस्तीतल्या समाजमंदिरात बसत आणि जमलेल्या लोकांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत. पुढे वर्गणी काढून त्यांनी तेथेच एक लोखंडी कपाट घेतले, पुस्तके जमविली आणि पुस्तके नेणाऱ्यांची नोंद एका वहीत ठेवू लागले. माझा लेख त्या वहीवर होता. कोणी कोणते पुस्तक नेले, किती दिवस ठेवले, कोणी परत केलेच नाही आणि परत न करणाऱ्यावर वडील का रागावत नसत, असे त्या लेखाचे स्वरूप होते.

संपादकांचे उत्तर आले. लेख पसंत होता. मात्र सोबत माझा एक फोटो आणि वस्तीचे तीन-चार फोटो पाठवावेत, झोपड्या, गटार, पाण्याची रांग असे काही असल्यास उत्तम, त्याशिवाय लेख उठून दिसणार नाही, असे त्यांनी लिहिले होते. मी कळविले की लेख वाचनालयावर आहे, गटारावर नाही. हवे असेल तर वहीच्या एका पानाचा फोटो पाठवितो. वहीचे पान त्यांना नको होते. ते कोण बघणार, असा त्यांचा सवाल होता.

अंक निघाला. फोटो न मिळाल्यामुळे त्यांनी आपल्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले होते. कुडाची झोपडी, दारात बसलेला एक उघडाबंब म्हातारा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, कपाळाला हात, आणि छपरावर एक कावळा. माझे वडील पांढरा सदरा घालीत. खिशाला पेन असे. समाजमंदिराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिचा उल्लेख लेखात दोनदा आला होता. चित्रात सदरा नव्हता, पेन नव्हते, पुस्तक नव्हते, तसबीर नव्हती.

वडिलांनी सगळ्या वस्तीला वाचून दाखविले, पण आईला अक्षरओळख करून देण्याचे त्यांच्याकडून राहून गेले, हे मला येथे कबूल केले पाहिजे. त्यामुळे तिच्यापर्यंत लेख पोचण्याआधी चित्र पोचले. तिने अंक बराच वेळ डोळ्यांसमोर धरला आणि मला विचारले, "ह्यो कोन हाय?"

ह्या एका प्रश्नामुळे मी प्रस्तुत लेख लिहावयास बसलो. लेखकाने आपल्या लेखनासोबत चित्रे किंवा फोटो पुरविलेच पाहिजेत काय? आणि तो लेखक दलित असेल तर ह्या मागणीचा अर्थ बदलतो काय? वरवर पाहता हा प्रश्न छपाईचा वाटतो. माझ्या मते तो साहित्याच्या प्रामाण्याचा प्रश्न आहे.

१

आधी एक गैरसमज दूर करतो. चित्राशिवाय ज्याला पुरेपणा येत नाही असे लेखन असते. अजिंठ्याच्या लेण्यांवर, शिलालेखाच्या अक्षरवटिकेवर, एखाद्या अवजाराच्या रचनेवर कोणी लिहीत असेल तर तेथे आकृती किंवा छायाचित्र हा युक्तिवादाचाच भाग असतो. वाचकाने मूळ वस्तू पाहून लेखकाचे म्हणणे तपासावयाचे असते. अशा लेखकाने चित्र दिले पाहिजे, आणि ते कोठून घेतले तेही सांगितले पाहिजे. माझा आक्षेप त्या चित्राला नाही. मी बोलतो आहे ते कथा, कविता, आत्मकथन, व्यक्तिचित्र आणि वैचारिक निबंध ह्यांच्याविषयी. येथे शब्द हीच वस्तू असते. तिच्या शेजारी दुसरी वस्तू ठेवून ती तपासावयाची नसते.

दुसरी बाब तंत्राची. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात एक फोटो छापावयाचा म्हणजे त्याचा हाफटोन ब्लॉक करून घ्यावा लागे. ब्लॉकला पैसे पडत, त्याला बरा कागद लागे, आणि लहान गावातून तो ब्लॉक मोठ्या शहरात करावयास टाकावा लागे. वर्गणीदारांच्या भरवशावर आणि संपादकाच्या पगारातून निघणाऱ्या अनियतकालिकांना आणि त्रैमासिकांना ही चैन परवडणारी नव्हती. सायक्लोस्टाईल केलेल्या अंकांत तर फोटोचा प्रश्नच नव्हता. म्हणून लेखकाकडे कोणी फोटो मागत नसे. लेखन यावे, ते वाचले जावे, बरे असल्यास छापावे, एवढाच व्यवहार होता. दलित साहित्याची पहिली मोठी लाट बहुतांशी अशा बिनचित्रांच्या पानांतून आली. ती चित्रांवाचून अडली नाही.

आज ऑफसेट जुने झाले आणि फोटो प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आला. फोटोला काही पडत नाही, असे म्हणून तो सर्रास मागितला जातो. पैसे पडत नाहीत हे खरे. पण किंमत पडत नाही असे नाही. माझ्या गल्लीतल्या नळावर उभ्या असलेल्या बाईचा फोटो मी काढला आणि अंकात दिला, तर ती किंमत मी देत नाही, ती बाई देते. तिला विचारावयास कोणी जात नाही. मी लेखक म्हणून माझ्याविषयी लिहिण्याचा निर्णय घेतलेला असतो. तिने असा कोणताही निर्णय घेतलेला नसतो.

२

फोटोची मागणी कोणत्या मनातून येते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांच्या इतिहासाकडे पाहणे उपयोगी ठरेल. हा इतिहास आपल्याला परका नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या प्रश्नाशी अस्पृश्यांच्या प्रश्नाचे साम्य सांगितले. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी आपल्या संघटनेला पँथर हे नाव घेतले. तेव्हा तेथील लेखकाला काय सोसावे लागले, हे आपण आपलेच म्हणून वाचू शकतो.

१७७३ मध्ये फिलिस व्हीटली ह्या गुलाम तरुणीचा कवितासंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. एका काळ्या गुलाम मुलीने ह्या कविता लिहिल्या, ह्यावर गोरा वाचक विश्वास ठेवणार नाही, म्हणून बोस्टनमधल्या अठरा प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्यांचे एक प्रमाणपत्र पुस्तकाला जोडण्यात आले. सह्या करणाऱ्यांत खुद्द गव्हर्नर होता. तेवढ्याने भागले नाही. ज्या उमराव बाईंना पुस्तक अर्पण केले होते त्यांना प्रारंभी कवयित्रीचे चित्र हवे होते. ते चित्र काढण्यात आले. फिलिस मेजापाशी बसली आहे, हातात लेखणी आहे, ती विचारात आहे. चित्र वाईट नाही. पण चित्राभोवती जी अक्षरे कोरली आहेत त्यांत ती कवयित्री म्हणून येत नाही, ती अमुक मालकाची निग्रो नोकर म्हणून येते. लेखणी तिच्या हाती दिली आणि चौकट मालकाच्या नावाची ठेवली.

१८४५ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन आले. गुलामगिरीतून पळून आलेल्या ह्या माणसाने पुस्तक स्वतः लिहिले, हे त्याच्या मुखपृष्ठावर सांगावे लागले. प्रारंभी दोन गोऱ्या पुढाऱ्यांचा, गॅरिसन आणि फिलिप्स यांचा, मजकूर होता आणि लेखकाचे चित्रही होते. चार वर्षांनी, १८४९ मध्ये, डग्लस यांनी स्वतःच्या 'नॉर्थ स्टार' ह्या पत्रात लिहिले की गोऱ्या चित्रकारांच्या हातून काळ्या माणसाचे निःपक्षपाती चित्र होणे जवळजवळ अशक्य आहे. काळ्या माणसाचा चेहरा कसा असतो ह्याची एक कल्पना त्यांच्या डोक्यात आधीच तयार असते, आणि समोर कोणीही बसला तरी ते ती कल्पनाच कागदावर उतरवितात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. माझ्या वडिलांचे चित्र पाहिल्यावर मला डग्लस यांच्या ह्या निरीक्षणाची आठवण झाली. त्या चित्रकाराने माझा लेख वाचला नसेल असे नाही. वाचूनही त्याच्या हाताने डोक्यातला म्हातारा काढला.

ह्यावर डग्लस यांनी काढलेला मार्ग विचार करण्यासारखा आहे. त्यांनी चित्राकडे पाठ फिरविली नाही. ते छायाचित्रकाराकडे गेले आणि जन्मभर जात राहिले. एकोणिसाव्या शतकात ज्यांचे सर्वांत जास्त फोटो काढले गेले असे अमेरिकन म्हणजे डग्लस, असे अभ्यासक सांगतात. त्यांचे सुमारे १६० फोटो आजवर सापडले आहेत. उत्तम कोट, ताठ मान आणि हसू नाही. गुलाम हसतमुख असतो अशी जी चित्रे गोऱ्यांनी पसरविली होती, त्यांना हा न हसणारा चेहरा हे उत्तर होते. फोटो काढावयाचा की नाही, कोणत्या कपड्यांत, कोणत्या मुद्रेने, हे त्यांनी स्वतः ठरविले. मागितलेला फोटो आणि दिलेला फोटो ह्यांत हा फरक आहे.

३

आता आपल्याकडे वळू. दलित लेखकाकडे फोटो मागणाऱ्या संपादकाचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. बहुधा तो चांगलाच असतो. पण त्या मागणीच्या तळाशी एक शंका असते. हा सांगतो ते खरे कशावरून? ह्या शंकेला आपण सारे चांगले ओळखतो. शाळेत नाव घालताना, शिष्यवृत्ती घेताना, नोकरीला लागताना आपण दाखला काढला आहे. तहसील कचेरीच्या ओट्यावर बसून काढला आहे. आता साहित्यातही दाखला लागणार काय? प्रस्थापित लेखकाने आपल्या आजोळच्या वाड्यावर ललित लेख लिहिला, तर वाड्याचा फोटो आणा असे त्याला कोणी म्हणत नाही. त्याच्या शब्दावर विश्वास असतो. आमच्या शब्दाला मात्र जामीन लागतो. कधी तो प्रस्तावनेचा असतो, कधी मलपृष्ठावरील परिचयाचा, कधी फोटोचा.

येथे प्रस्तावनेविषयी एक खुलासा केला पाहिजे. १९७२ मध्ये आलेल्या नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. ती प्रामाणिक होती, आणि आपल्याला अपरिचित असलेल्या जगाशी नम्रपणे भिडणारी होती. तिला मी जामीन म्हणणार नाही. पण तिच्यामुळे 'गोलपिठा' उभा राहिला असेही कोणी म्हणू शकणार नाही. त्या कवितेने मुंबईच्या त्या भागाचे जे दर्शन घडविले ते कोणत्याही कॅमेऱ्याने घडविले नव्हते, कारण कॅमेरा गल्ली दाखवितो; त्या गल्लीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात काय उसळते आहे ते दाखविण्यास भाषाच लागते.

आणखी मागे जाऊ. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. त्या मुलीचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही. तिचा निबंध ठाऊक आहे. पावणेदोनशे वर्षांच्या घरात ते शब्द टिकले आणि आजही विद्यार्थ्यांना वाचून दाखविता येतात. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. 'बहिष्कृत भारता'च्या शिरोभागी १९२७ मध्ये ज्ञानेश्वरांची ओवी होती. मुक्यांचा नायक व्हावयास निघालेल्या पत्राने आपल्या कपाळावर शब्द लावले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले त्यांच्या दृष्टीने अक्षर मिळविणे हाच विद्रोह होता. त्या अक्षराला आता चित्राची कुबडी द्यावयाची असेल, तर ती का द्यावयाची हे विचारले पाहिजे.

आपली स्त्री-आत्मकथने पाहा. शांताबाई कृष्णाजी कांबळे यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिले 'माज्या जल्माची चित्तरकथा'. १९८६ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. चित्तरकथा हा शब्द त्यांनी विचारपूर्वक वापरला असला पाहिजे. एकामागून एक प्रसंग डोळ्यांसमोरून सरकत जातात आणि प्रत्येक प्रसंग बोलीतल्या चार-दोन वाक्यांत उभा राहतो. त्या पुस्तकातली चित्रे वाक्यांत आहेत. त्याच वर्षी बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. बेबीताई कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या. दुकान चालविता चालविता लिहीत होत्या. त्या काळात त्यांच्याकडे एखाद्या संपादकाने हस्तलिखितासोबत तुमचा आणि घराचा फोटो पाठवा असे म्हटले असते, तर काय झाले असते? माझा तर्क असा की हस्तलिखित गेलेच नसते.

हा मुद्दा केवळ स्त्रियांपुरता नाही. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या 'जेव्हा मी जात चोरली होती' ह्या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून राहतो, आणि जात उघडी पडते तेव्हा मार खातो. ही कथा जुनी झाली असे समजणाऱ्यांनी आज शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांना विचारावे. आडनाव सांगताना ती अजूनही क्षणभर थांबतात. अशा मुलाने टोपणनावाने कविता लिहिली आणि संपादकाने तिच्या शेजारी त्याचा चेहरा छापला, तर घरमालकाने तो अंक पाहिला की खोली गेली. फोटो मागणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही, कारण त्याला आपला चेहरा कधी लपवावा लागलेला नसतो.

दया पवारांनी १९७८ मध्ये 'बलुतं' लिहिले तेव्हा त्यांनी एक वेगळी रचना केली. कथन करणारा दगडू मारुती पवार आहे आणि ऐकणारा दया पवार आहे. शिकलेला, शहरात कारकुनी करणारा, साहित्यात नाव मिळविलेला एक माणूस आणि त्याच्याच आत दडपून ठेवलेला दुसरा माणूस समोरासमोर बसतात. आता ह्या दोघांपैकी फोटो कोणाचा द्यावयाचा? कॅमेऱ्यासमोर एकच येऊ शकतो. दोघे एकत्र येऊ शकतात ते केवळ गद्यात. दलित आत्मकथनाचे सामर्थ्य ह्या दुभंगलेपणाच्या जाणिवेत आहे. ज्याला तेथे केवळ दारिद्र्याचे दर्शन हवे असते त्याला फोटो पुरतो, आणि म्हणूनच तो फोटो मागतो.

४

चित्र लेखाशेजारी छापले की ते मुकाट बसत नाही. ते बोलू लागते, आणि बहुधा लेखाच्या आधी बोलते. चित्रकार हा लेखाचा पहिला वाचक आणि पहिला टीकाकार असतो. त्याने चुकीचे वाचले तर त्याची चूक हजारो प्रतींवर छापली जाते.

ह्याचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण १९४९ च्या व्यंगचित्राचे आहे. शंकर यांच्या त्या चित्रात संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत. ते एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात घेतले गेले आणि २०१२ मध्ये त्यावरून संसदेत वादळ झाले. पुस्तकाची बाजू घेणारे म्हणत होते की भोवतालचा मजकूर वाचा. संविधानाला वेळ का लागला आणि तो लागणे योग्य कसे होते, हेच त्यात समजावून सांगितले आहे. मजकुराविषयी त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर चाबूक प्रत्यक्ष ओढला गेला, त्यांच्या डोळ्यांना आधी चाबूक दिसला. मजकूर नंतर. पुण्यात पुस्तकाच्या एका सल्लागाराच्या कार्यालयाची मोडतोड झाली, ती चूकच होती. तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु वर्गात बसलेल्या एका दलित मुलाला ते पान उघडताना काय वाटेल, हा प्रश्न मोडतोडीने खोटा ठरत नाही. उन्नमती श्यामसुंदर यांनी १९३२ ते १९४८ ह्या काळातली बाबासाहेबांवरील व्यंगचित्रे जमवून २०१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती एकत्र पाहिली म्हणजे त्या काळच्या पत्रांच्या मनात काय होते, हे अग्रलेखांपेक्षा स्पष्ट दिसते.

हे दुसऱ्यांविषयी झाले. आता थोडे स्वतःविषयी बोलू. आपली नियतकालिके, आपली स्मरणिका, आपली संमेलनाची पत्रिका ह्यांवर कोणते चित्र असते? तुटलेली साखळी, वर उचललेली मूठ, मागे उगवता सूर्य. एकेकाळी ह्या प्रतिमांत तेज होते. आज त्या शिक्क्यासारख्या उमटतात. आतला लेख बौद्ध विवाहविधीवर असो, साखर कारखान्याच्या कामगारांवर असो की मराठी छंदावर असो, वर मूठ असतेच. दिवाळी अंकाच्या चित्रकाराने माझ्या वडिलांना उघडे केले ही तक्रार मी करतो, तेव्हा आमच्याच एखाद्या मुखपृष्ठाने त्यांच्या हाती साखळी दिली असती हेही मला मान्य केले पाहिजे. त्यांच्या हातात वही होती. ती दोघांनाही दिसली नसती.

आणि आपली त्रैमासिकेही आता लेखकपरिचय व फोटो पाठवा असे छापू लागली आहेत. परिचयात जन्मगाव, पोटजात, आईवडिलांची मजुरी ह्यांचा तपशील असला की लेखकाची 'अनुभूती' सिद्ध झाली, असा एक समज रूढ होत आहे. तो घातक आहे. त्यामुळे अनुभवाची चर्चा होते आणि लेखन कसे आहे ह्याची होत नाही. वाईट कविता केवळ कवीच्या फोटोतल्या करुण चेहऱ्यामुळे खपून जाते आणि चांगल्या कवितेचे श्रेय तिच्या कवीच्या हालअपेष्टांना मिळते. दोन्ही प्रकारांत लेखकाचे नुकसान आहे.

५

मग चित्र नकोच काय? असे मी म्हटले तर आई मला हसेल. आमच्या घरात देव्हारा गेला आणि त्या जागी बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर आली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी त्या तसबिरीतला कोट, चष्मा आणि पुस्तक वाचले, आणि आपल्या मुलांना शाळेत घातले. चित्राचे हे सामर्थ्य ज्याला नाकारावयाचे असेल त्याने एखाद्या वस्तीत जयंतीच्या दिवशी जाऊन यावे.

१९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी ठार केले. शिकागोत त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवावयास लावली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असा तिचा निर्धार होता. 'जेट' साप्ताहिकाने तो फोटो छापला. तेथील नागरी हक्कांच्या लढ्यात पुढे उतरलेल्या कित्येकांना तो फोटो जन्मभर विसरता आला नाही. येथे फोटो पुरावा होता, पण तो आईने दिलेला पुरावा होता, आणि काळ्यांच्या पत्राने छापलेला होता. आपल्याकडे २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्यानंतर मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले. त्यांनी समाज पेटून उठला हे खरे आहे. पण मारल्या गेलेल्या मायलेकींची विटंबना त्या फोटोंतून पुन्हा पुन्हा झाली, हेही खरे आहे. त्या काळात आपण हा विचार करण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. आता केला पाहिजे.

आपल्यातून आलेल्या कलावंतांनी ह्या प्रश्नाला आपल्या कामातून उत्तर दिले आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. त्यांत घाण आहे, पण कॅमेऱ्याकडे पाहणारा माणूस घाणीपेक्षा मोठा आहे. नागपूरच्या सवी सावरकरांच्या चित्रांत गळ्यात मडके असलेला अस्पृश्य येतो तो दया मागत नाही. त्या मडक्याने पाहणाऱ्यालाच अस्वस्थ व्हावे लागते. २०११ च्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ह्या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे चरित्र चितारले, तेव्हा त्यांनी माणसांना चौकटींत बंद करण्याचे नाकारले, आणि विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांभोवती विंचवाची नांगी काढली. ही चित्रे कोणाच्या लेखाची शोभा वाढविण्यासाठी आलेली नाहीत. ती स्वतंत्र विधाने आहेत. त्यांना शब्दाचा दाखला लागत नाही, तसाच शब्दालाही त्यांचा लागत नाही. दोन स्वतंत्र माणसे एका पानावर शेजारी बसतात, तसा तो संबंध आहे.

६

ह्या विवेचनातून काही साध्या गोष्टी निघतात. लेखकाची जबाबदारी लेखनाची आहे. हस्तलिखित स्वीकारताना किंवा नाकारताना फोटोचा विचार होता कामा नये. निर्णय झाल्यानंतरच चित्राचा विषय निघावा. लेखकाने स्वतः होऊन चित्र दिले तर ते जरूर पाहावे. त्याने आपला चेहरा देण्याचे नाकारले, तर का, असे विचारू नये. संपादकाला चित्र हवे असेल तर त्याने चित्रकाराकडून काढून घ्यावे, त्याला मानधन द्यावे, त्याचे नाव छापावे, आणि अंक छापावयास जाण्यापूर्वी ते लेखकाला एकदा दाखवावे. एवढे झाले असते तर माझ्या वडिलांच्या अंगावर सदरा राहिला असता. फोटोत दुसरी माणसे असतील, तर त्यांची संमती घेतल्याखेरीज तो छापू नये. ती माणसे लिहू-वाचू शकत नसतील तर अधिकच काळजी घ्यावी. आणि शाळा-महाविद्यालयांतून शिकविणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे की दलित आत्मकथन शिकविताना लेखकाचा फोटो किंवा वस्तीचे चित्र आधी दाखवू नका. आधी पान वाचा. मुलांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते ते त्यांना सांगू द्या.

हे नियम आपल्या नियतकालिकांनी आधी स्वतःला लावले, तर इतरांना सांगण्याचा अधिकार आपल्याला येईल. ह्या प्रश्नावर चित्रकार मित्रांचे मत माझ्याहून वेगळे असू शकेल. त्यांनी ते लिहावे.

आईला मी पुढे तो लेख वाचून दाखविला. वहीतल्या नोंदींचा भाग आला तेव्हा तिने मला थांबविले. एका माणसाने नेलेले पुस्तक परत केले नाही असे मी लिहिले होते. तिने सांगितले की त्याने ते केले होते, वडील गेल्यावर, तिच्याच हाती आणून दिले होते. वहीत नोंद करावयास कोणी उरले नव्हते, म्हणून राहिली. माझ्या लेखातली ही चूक कोणत्याही फोटोने दाखवून दिली नसती. ती दुरुस्ती मी येथे नोंदवून ठेवतो.